तातडीच्या प्रसंगी कळवावयाची व्यक्ती

सदर महिला, वय अंदाजे एकसष्ट, उंची पाच फुटांहून किंचित कमी, बांधा सडपातळ, वर्ण गव्हाळ. ओळखीची खूण: डाव्या कानाच्या वर जुना घट्टा. शिक्षण शालान्त. व्यवसाय: निवृत्त, तथापि कामात आढळून आली. वैवाहिक स्थिती: अविवाहित. जवळचे नातेवाईक: निरंक. स्वतःचा पासपोर्ट: नाही; का नाही असे विचारले असता ‘मला कुठं जायचंय’ असे उत्तर दिले. सदर महिला पुलाच्या रस्त्यावरील फोटो स्टुडिओच्या पुढच्या खोलीत बसून लोकांना पासपोर्ट कार्यालयाच्या अपॉइंटमेंट शोधून देते. त्यात आक्षेपार्ह काही दिसून आले नाही. वागणूक चांगली. चहा विचारला.

हा अहवाल हवालदाराने त्याच स्टुडिओतल्या फिरत्या स्टुलावर बसून, गुडघ्यावर फाईल ठेवून लिहिला. स्टूल फिरतं असल्यामुळे अक्षर जरा वाकडं आलं आहे, मजकूर मात्र सरळ आहे. अगदी घट्ट्यासकट सगळं खरं आहे. घट्टा कशाचा हे हवालदाराने विचारलं नाही आणि ऑपरेटरबाईंनी सांगितलं नाही. न विचारलेलं सांगायचं नाही, ही त्यांची नोकरीतली सवय.

नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमधली. परगावी बोलायचं तर आधी कॉल बुक करून मग दिवसभर फोनपाशी बसून राहायचं, त्या काळातली. घट्टा हेडफोनच्या पट्टीचा. पुलापलीकडच्या देशाची लाईन बाईंच्या टेबलावर होती, त्यामुळे पलीकडची भाषा त्यांना येते. वाचता येत नाही, ऐकता आणि बोलता येते, आणि तीही बरीचशी ‘लाईन व्यस्त आहे’ आणि ‘जरा मोठ्याने बोला’ या धर्तीची. लाईन लागली की ‘बोला’ म्हणायचं आणि आपण बाजूला व्हायचं. मध्ये तोंड घालायचं नाही. मुलं झाल्याचे, माणसं गेल्याचे, ठरलेली लग्नं मोडल्याचे कॉल त्यांनी जोडून दिले आणि त्यातल्या एकातही स्वतःचं मत दिलं नाही. अशी बाई आपल्या गावात ही एकच, असं फोटोवाला म्हणतो. तो स्टुडिओचा मालक, आणि त्याला प्रत्येक गोष्टीत मत असतं.

एक्स्चेंज बंद पडलं, बाई निवृत्त झाल्या, आणि पुलाचा कायदा बदलला. गावातली अर्धी माणसं पलीकडे कामाला. कोणी कारखान्यात, कोणी बांधकामावर, कोणी लोकांच्या घरी स्वयंपाकाला. इतकी वर्षं त्यांना जाण्यायेण्याला नाक्यावरचा पुठ्ठ्याचा पास चालायचा. पास भिजला तर उन्हात वाळवायचा, फाटला तर चिकटवायचा, आणि नाक्यावरचा शिपाई तो न बघताच शिक्का मारायचा. मग एक दिवस पलीकडच्या सरकारने जाहीर केलं की पास बंद, यापुढे पासपोर्ट. अलीकडच्या सरकारने दुजोरा दिला. एवढे पासपोर्ट काढायचे कुठे, याला मात्र कोणीच दुजोरा दिला नाही. कार्यालय शेजारच्या मोठ्या शहरात, आणि तिथली वेळ फक्त कॉम्प्युटरवर मिळणार. सकाळी तारखा सुटायच्या आणि लोकांचं तोंड धुऊन होईपर्यंत संपायच्या.

फोटोवाल्याचा धंदा तेव्हा चांगलाच फळफळला. पासपोर्टच्या फोटोला गडद कपडे बरे दिसतात म्हणून त्याने एक काळा कोट खुंटीला टांगला. जो येईल त्याने तो अंगात चढवायचा, पांढऱ्या पडद्यापुढे बसायचं आणि कोट पुढच्याला द्यायचा. आज पुलावरून जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येक पुरुषाच्या पासपोर्टवर तोच कोट आहे. पलीकडच्या शिपायांना हा इकडचा राष्ट्रीय पोशाख वाटत असल्यास त्यांना दोष देता येणार नाही.

फोटोबरोबर अपॉइंटमेंटही काढून देतो, असं त्याने दारावर लिहिलं, आणि घोडं तिथे अडलं. कारण ती त्याला मिळेना. बाई एकदा पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी फोटो काढायला आल्या, तेव्हा तो कीबोर्डवर एकच बटण कोंबडीने दाणे टिपावेत तसं टिपत होता आणि साईटच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. बाईंनी थोडा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, ‘अशी लाईन लागत नाही.’ फोटोवाला उठला, बाई बसल्या. त्या बसल्या त्या उठल्याच नाहीत, असं तो आजही गिऱ्हाइकांना सांगतो. त्यात तक्रार किती आणि अभिमान किती हे त्याचं त्यालाही माहीत नसावं.

बाईंची पद्धत साधी होती. सारखं सारखं विचारलं की साईट चिडते आणि दार लावून घेते. एक्स्चेंजमधले जुने स्विचही असेच होते. म्हणून त्या एकदा विचारायच्या, मग मनातल्या मनात ‘थांबा, लाईन बघते’ हे सावकाश म्हणायच्या, आणि मग पुन्हा विचारायच्या. दुसरं म्हणजे त्या सकाळच्या रेटारेटीत पडायच्याच नाहीत. लोक खबरदारी म्हणून दोन-दोन शहरांतल्या तारखा धरून ठेवतात, एका ठिकाणचं काम झालं की बाहेर येतात, जेवतात, आणि मग दुसरी सोडून देतात. म्हणजे तारखा मोकळ्या होणार त्या दुपारी, सगळी दुनिया पेंगत असताना. बाई दुपारी झोपत नसत.

फरशी बसवणारा आला तो अशाच एका दुपारी.

चाळिशीचा, रुंद हाडाचा माणूस. पलीकडे मोठाल्या इमारतींत फरश्या बसवायचा. काहीही विचारलं की ‘थांबा, सांगतो’ म्हणायचा आणि खरंच थांबायचा, म्हणून फोटोवाल्याने पहिल्याच भेटीत त्याचं नाव थांबाराव ठेवलं. कोट घालायचा का, यावरही त्याने विचार केला. बाई तारीख शोधत होत्या तेव्हा तो उकिडवा बसून स्टुडिओची जमीन बोटांच्या पेरांनी ठोकून बघत होता. दारापासून तिसऱ्या फरशीवर त्याचा हात थांबला.

‘ही पोकळ आहे,’ तो म्हणाला.

फोटोवाल्याने सांगितलं की फरशी त्याच्या सासऱ्याने बसवून दिलेली आहे. थांबारावाने पुन्हा ठोकली, कान दिला, आणि सासऱ्यांबद्दल काही न बोलता हात झटकला.

तारीख मिळाली. ती मिळाली की साईटच्या कोपऱ्यात घड्याळ उलटं पळायला लागतं, आणि ते शून्यावर यायच्या आत अर्ज भरून पाठवावा लागतो. बाईंची बोटं चालू झाली. नाव, जन्म, पत्ता, धंदा. शेवटच्या पानावर एक रकाना होता: तातडीच्या प्रसंगी कळवावयाची व्यक्ती, ती अर्जदाराबरोबर प्रवास करणारी नसावी आणि देशात राहणारी असावी. बाईंनी विचारलं, कोणाचं नाव घालू?

‘थांबा, सांगतो.’

बायको चालणार नव्हती. ती पलीकडच्याच दुसऱ्या एका शहरात एका घरी स्वयंपाकाला राहायची. आईवडील नव्हते. भावाचं नाव त्याच्या तोंडाशी आलं असावं, कारण त्याने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. त्याने छताकडे बघितलं, फरशीकडे बघितलं, कोटाकडे बघितलं. घड्याळ शून्यावर आलं. पडद्यावरचं पान पुसलं गेलं. ‘वेळ संपली,’ बाई सवयीने म्हणाल्या.

‘कोणी नाही,’ थांबाराव म्हणाला. एवढा वेळ तो हेच शोधत होता.

त्याला पुन्हा बोलावलं. दुसऱ्या खेपेला तारीख मिळाली तेव्हा बाईंनी त्याला काही विचारलंच नाही. त्या रकान्यात स्वतःचं नाव आणि मोबाईल नंबर घातला. मग साईटने नातं विचारलं. खाली यादी होती: आई, वडील, पती, पत्नी, भाऊ, बहीण, काका, आत्या, इतर. ‘इतर’ निवडलं की आणखी एक पान उघडायचं आणि पुरावा मागायचं. घड्याळ पळत होतं. बाईंनी आत्या निवडली आणि अर्ज पाठवला.

मग तोच शिरस्ता पडला. कारण तो रकाना सगळ्यांच्याच तारखा गिळत होता. ज्या घरातली कमावती माणसं पुलापलीकडे, त्या घरात अलीकडे उरतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. म्हाताऱ्यांना फोन ऐकू येत नाही आणि पोरांच्या हाती द्यायचा नसतो. बाई स्वतःचं नाव घालत गेल्या. फोटोवाला आतून ओरडायचा, ‘बाई, भाचा आलाय तुमचा,’ आणि दारात त्र्याहत्तर वर्षांचे निवृत्त मुख्याध्यापक उभे असायचे. पुढे पुढे फोटोवाल्याच्या मेहुण्याचा अर्ज आला, तोही भाचा झाला. फोटोवाल्याने हिशेब केला की या नात्याने बाई आता आपल्या सासूच्या नणंद लागतात, आणि आठवडाभर त्यांना वाकून नमस्कार घातला.

यात धोका आहे असं बाईंना वाटलं नाही. तातडीचा प्रसंग हा रकाना भरण्यापुरता असतो, असं सगळ्यांसारखं त्यांनाही वाटायचं.

इतक्या अर्जांवर एकच नंबर कसा, असं कार्यालयात कोणाच्या तरी ध्यानात आलं, आणि हवालदार चौकशीला आला. दलाल आहे का बघून ये, एवढंच त्याला सांगितलेलं होतं, आणि विचारायचे प्रश्नही लिहूनच दिलेले होते. त्यात नात्याचा प्रश्न एकच होता, तो बाईंच्या स्वतःच्या नात्यांचा. बाईंनी सांगितलं, कोणी नाही. ‘निरंक,’ हवालदार लिहिता लिहिता म्हणाला. अर्जांत त्यांना काय नातं लावलेलं आहे हे त्याच्या कागदात नव्हतं. बाईंनी अहवालाखाली सही केली.

निघताना दारात चप्पल घालत त्याने सांगितलं की साहेब जरा तापट आहेत. या नंबरच्या अर्जांत पुढे काही खोटं निघालं तर सगळेच्या सगळे एकदम बाद करायचं म्हणतात. आज गरम होतंय असं सांगावं तसं त्याने हे सांगितलं आणि सायकलवर टांग मारली.

फोटोवाला गल्ल्यावरून उठून आला. ‘बाई,’ तो म्हणाला, ‘आता खानदान वाढवणं पुरे.’

बाईंनी मान डोलावली. त्या दिवसापासून त्या प्रत्येकाला विचारू लागल्या, कोणाचं नाव घालू. लोक विचार करू लागले, आणि तारखा जाऊ लागल्या.

त्याच आठवड्यात फोन आला. दुपारची वेळ. बाईंनी कानाला लावला आणि ‘बोला’ म्हणाल्या. पलीकडची भाषा होती. एका नर्सने एक नाव घेतलं, तुम्ही यांच्या आत्या का, असं विचारलं. नाव ओळखायला बाईंना एक क्षण लागला, कारण ते त्यांनी फक्त टाईप केलं होतं. स्टुडिओत कोणी ते उच्चारलंच नव्हतं. थांबारावाचं खरं नाव ते.

मग डॉक्टर बोलला. सावकाश बोलला, त्यामुळे बाईंना सगळं समजलं. फरशी कापायच्या यंत्रात उजवा हात गेला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट चिरडलंय. ती दोन आत्ता काढली तर बाकीची तीन वाचतील. वाट बघितली तर हाताचं काय होईल ते सांगता येत नाही. माणूस औषधाच्या गुंगीत आहे, त्याची सही धरता येत नाही. इकडचा कायदा जवळच्या नातेवाइकाची संमती मागतो, आणि त्याच्या पासपोर्टच्या नोंदीत नाव तुमचं आहे.

बाईंनी मोबाईलवर हात ठेवला, जसा पूर्वी रिसिव्हरवर ठेवत, आणि फोटोवाल्याला काय झालं ते सांगितलं.

फोटोवाल्याचा चेहरा उतरला. तो खाली वाकून हळू आवाजात बोलला. ‘चुकीचा नंबर म्हणा. बाई, ऐका माझं. परवाच निरंक लिहून सही केलीय तुम्ही. इथे आत्या म्हणालात की ते तिकडे कागदावर चढणार, तो कागद इकडे येणार. सगळ्यांचे पासपोर्ट जातील. माझा मेहुणा आहे त्यात. मुख्याध्यापक आहेत.’

माणूस वाईट नव्हता. तो म्हणत होता ते बरोबरही होतं.

बाईंनी डॉक्टरकडे थोडा वेळ मागितला. त्याने ऑपरेशनची तयारी होईपर्यंतचा दिला. बाईंनी आयुष्यभराची विद्या पणाला लावली. ठेकेदाराचा नंबर अर्जात होता. तो वाजला आणि कापला गेला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. त्या ठेकेदाराच्या गोदामाचा नंबर काढला, तिथल्या राखणदाराला बोलतं केलं. राखणदाराला थांबारावाची बायको कुठल्या शहरात आहे ते माहीत होतं, कोणाच्या घरी ते नव्हतं. ते शहर मोठं होतं. तिथल्या कुठल्यातरी स्वयंपाकघरात एक बाई भाजी चिरत असणार होती, आणि तिच्यापर्यंत लाईन नव्हती.

डॉक्टरचा फोन आला.

मध्ये तोंड घालायचं नाही, हा नियम बाईंनी कधी मोडला नव्हता. पण नियम दोन टोकांना दोन माणसं असतात असं धरून होता. इथे अलीकडच्या टोकाला त्या एकट्याच होत्या.

त्यांनी विचारलं, तीन बोटांनी ठोकता येईल का? डॉक्टरला कळलं नाही. बाईंनी सांगितलं, तो फरश्या बसवतो, पेरांनी ठोकून बघतो, खालून पोकळ आहे का ते. ऐकून बघतो. ‘फरशी व्यस्त आहे का’ अशासारखं काहीतरी त्यांच्या तोंडून निघालं असावं, कारण डॉक्टरने दोनदा विचारलं. मग त्याला समजलं. तो म्हणाला, ठोकता येईल. ही तीन राहिली तर येईल.

‘मग ती दोन काढा,’ बाई म्हणाल्या.

असं चालत नाही, डॉक्टर म्हणाला. फोन रेकॉर्ड होतोय. नाव, नातं आणि संमती, पूर्ण वाक्यात.

फोटोवाला पाठ करून उभा होता. बाईंनी स्वतःचं नाव सांगितलं. ‘मी त्याची आत्या,’ त्या म्हणाल्या. ‘माझी संमती आहे.’ पलीकडून काही आवाज आला नाही, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘लाईन चालू आहे.’ डॉक्टर केव्हाच गेला होता.

फोटोवाल्याने खुंटीवरचा कोट काढला, झटकला, पुन्हा तिथेच टांगला. मग तो स्वतः जाऊन चहा घेऊन आला. त्या दुपारी बाईंच्या डोळ्यांदेखत दोन तारखा मोकळ्या झाल्या आणि गेल्या. त्यांनी हात पुढे केला नाही.

दोनेक दिवसांनी इस्पितळातूनच पुन्हा फोन आला. बायको होती. ठेकेदाराने अखेर तिला गाठलं होतं. तिने आधी विचारलं, तुम्ही कोणत्या बोटांना हो म्हणालात? बाईंनी सांगितलं. मग ती म्हणाली, घास घेता येईल म्हणतात. बाई म्हणाल्या, हो, येईल. ‘बरं,’ ती म्हणाली. आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली, ‘मला विचारलं असतं तर मी थांबा म्हणाले असते. मीही तसलीच.’

बाईंनी विचारलं, तो काय म्हणतो?

‘ते काही म्हणत नाहीत. हाताकडे बघत बसतात.’

हे बाईंना लागलं. रात्रंदिवस टोचणी लागून राहिली असं म्हणण्याइतक्या त्या हळव्या नव्हत्या. पण तारीख हाताशी आली की त्यांची बोटं अडखळू लागली. हे फोटोवाल्याला दिसत होतं. तो बोलत नव्हता, आणि त्याच्या बाबतीत ही मोठी गोष्ट होती. बाईंच्या मनात येई, हात ज्याचा त्याचा. तो शुद्धीवर येईपर्यंत एखादा नातेवाईक थांबला असता, निदान दुसऱ्या डॉक्टरला विचारा म्हणाला असता. खऱ्या आत्याने काय केलं असतं, हे बाईंना ठरवता येत नव्हतं. त्यांना खरी आत्या नव्हती.

मग हवालदार आला. फोटोवाल्याने म्हटल्याप्रमाणे कागद तिकडून इकडे आला होता. हवालदाराने तो फिरत्या स्टुलावर बसून मोठ्याने वाचला: अमुक रुग्ण, अमुक शस्त्रक्रिया, संमती देणार आत्या. मग फाईलमधून आपला अहवाल काढून शेजारी धरला.

‘तुम्ही निरंक म्हणाला होतात,’ तो म्हणाला.

‘तेव्हा निरंकच होते,’ बाई म्हणाल्या.

हवालदाराने दोन्ही कागदांकडे आळीपाळीने पाहिलं. फोटोवाल्याने चहा पुढे ठेवला, तो त्याने अर्धा प्यायला. अहवालात दुरुस्ती करायची तर साहेबांपुढे जावं लागतं, तो म्हणाला, आणि साहेब हल्ली आधी वेळ घेतल्याशिवाय भेटत नाहीत. ती वेळही कॉम्प्युटरवरच घ्यावी लागते. त्याने तीनदा बघितलं, मिळाली नाही. बाईंनी विचारलं, मी शोधून देऊ का? हवालदाराने उरलेला चहा संपवेपर्यंत विचार केला. मग म्हणाला, नको. इस्पितळाचा कागद त्याने फाईलमध्ये सगळ्यांत खाली लावला आणि दोरी बांधली. ‘फाईल खालून कोणी वाचत नाही,’ तो म्हणाला, आणि गेला.

फोटोवाल्याचा जीव भांड्यात पडला. बाईंचा पडला नाही. त्यांना ज्याचं ऐकायचं होतं तो अजून पलीकडेच होता.

तो आला तेव्हा उन्हं तापायला लागली होती. थांबाराव दारात उभा राहिला, उजवा हात खिशात. फोटोवाल्याने त्याला बघितलं, आत काहीतरी विसरल्यासारखं केलं आणि आतल्या खोलीत पाय काढता घेतला. थांबाराव येऊन उकिडवा बसला. खूप वेळ बसला. मग त्याने खिशातून हात काढला, जपून, तीन बोटांचा, आणि तिसरी फरशी पेरांनी ठोकली. कान दिला.

‘पोकळच आहे अजून,’ तो म्हणाला.

‘सासऱ्यांनी बसवलीय,’ बाई म्हणाल्या.

मग त्याने काम सांगितलं. नाक्यावर आता यंत्र आहे, ते उजव्या हाताची चार बोटं मागतं. त्याच्याकडे चार नाहीत. यंत्र लाल दिवा लावतं आणि मागची रांग शिव्या घालते. येताना कसंबसं सोडलं. पासपोर्टच्या नोंदीत बोटांचे ठसे नवे करून आणा, मग परत जाता येईल, असं सांगितलंय. म्हणजे अर्ज पुन्हा. म्हणजे अपॉइंटमेंट.

बाई कॉम्प्युटरकडे वळल्या. पाठीमागून तो बोलू लागला. त्यांची पाठ असताना बोलणं त्याला सोपं जात असावं.

‘डॉक्टर म्हणाला, तुझ्या आत्याने लगेच सांगितलं म्हणून तीन राहिली. मी म्हटलं, लगेच? मग ती आमच्यातली नसणार. आमच्यात लगेच कोणी सांगत नाही.’

बाईंनी मागे वळून पाहिलं. तो हसत नव्हता, पण चेहरा हसल्यासारखा होता. ‘लगेच नाही,’ बाई म्हणाल्या. ‘आधी तुझ्या बायकोला शोधलं.’

त्यांनी त्याला ‘तू’ म्हटलं होतं. त्यांच्या ते लक्षात आलं नाही. आतल्या खोलीत फोटोवाल्याच्या आलं.

तारीख मिळाली. कोपऱ्यातलं घड्याळ पळायला लागलं. नाव, जन्म, पत्ता, धंदा. ओळखीच्या खुणेत बाईंनी उजव्या हाताची दोन बोटं नाहीत, असं लिहिलं. मग तो रकाना आला. जुन्या अर्जातलं बाईंचं नाव आपोआप भरून आलं होतं. बाईंनी ते पुसलं आणि त्याला विचारलं, कोणाचं नाव घालू?

‘थांबा, सांगतो.’

त्याने छताकडे बघितलं. कोटाकडे बघितलं. आतून फोटोवाल्याने आवाज दिला, बाई, वेळ चाललीय. बाई म्हणाल्या, जाऊ दे. घड्याळ शून्यावर आलं, पान पुसलं गेलं, आणि या वेळी त्यांनी वेळ संपल्याचं जाहीर केलं नाही.

‘होतं तेच राहू द्या,’ थांबाराव म्हणाला.

‘आणि नातं?’

त्यावरही त्याने विचार केला. ‘तेही.’

दुसरी तारीख थोड्या दिवसांनी मिळाली. डाव्या हाताने त्याला सही जमत नव्हती आणि उजव्याने अजून दुखत होतं, म्हणून बाई त्याच्याबरोबर मोठ्या शहरात गेल्या. इतक्या लोकांना ज्या दाराच्या तारखा काढून दिल्या ते दार त्यांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. बाहेर रस्त्यापर्यंत रांग होती. रांगेतल्या कितीतरी पुरुषांच्या हातातल्या फोटोंवर तोच काळा कोट होता, आणि डाव्या खांद्यावर तीच सुरकुती. दारावर पाटी होती: अर्जदारासोबत केवळ जवळच्या नातेवाइकास प्रवेश. बाई पाटी वाचून बाजूला झाल्या आणि म्हणाल्या, तू जा, मी इथे सावलीला बसते.

रखवालदाराने थांबारावाचा कागद तपासला आणि बाईंकडे बोट केलं. ‘या कोण?’

‘आत्या,’ थांबाराव लगेच म्हणाला.

रखवालदाराने दोघांना आत सोडलं.